सही करण्याआधी: बेळगाव सीमाभागातील पंचायत-नेतृत्व प्रशिक्षणाचे परीक्षण

ग्रामपंचायतीच्या अध्यक्षपदाची निवड झाली की पहिल्या आठवड्यातच सहीसाठी कागद समोर येतात. पाणीपुरवठ्याचे बिल, मागच्या कामाचा शेवटचा हप्ता, नडवळीचे म्हणजे सभेच्या इतिवृत्ताचे पुस्तक, कसला तरी दाखला. प्रशिक्षण मात्र कधी महिन्याने मिळते, कधी चार-सहा महिन्यांनी. कर्नाटकात सध्याच्या पद्धतीनुसार अध्यक्ष-उपाध्यक्षांची मुदत 30 महिन्यांची. त्यातले सहा महिने न शिकता गेले तर कारकिर्दीचा एक पंचमांश भाग दुसऱ्याच्या सांगण्यावरून सह्या करण्यात गेला. खानापूर, बेळगाव, निपाणी, चिक्कोडी, अथणी या पट्ट्यातल्या मराठी सदस्यांसाठी आणि पंचायत विकास अधिकाऱ्यांसाठी, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या पीडीओंसाठी, आज जे प्रशिक्षण मिळते ते कितपत उपयोगी आहे, कुठे कमी पडते आणि त्यातून काय पदरात पाडून घ्यावे, हे या परीक्षणात पाहू.

मिळते ते मुख्यतः तीन वाटांनी. पहिली वाट तालुका पातळीवर सभागृहात भरणाऱ्या वर्गाची. दुसरी उपग्रहामार्फत, म्हणजे सॅटकॉमवरून, पडद्यावर येणाऱ्या सत्रांची. तिसरी मोबाइलवरच्या आयगॉट कर्मयोगी या केंद्र सरकारच्या व्यासपीठाची. पहिल्या दोन्हींचा उगम म्हैसूरच्या अब्दुल नझीर साब राज्य ग्रामीण विकास व पंचायत राज संस्थेत आहे. हे नाव सीमाभागातल्या प्रत्येक सदस्याला माहीत असावे. रामकृष्ण हेगडे यांच्या मंत्रिमंडळात पंचायत राज खाते सांभाळणारे नझीर साब यांनी गावोगावी कूपनलिका खोदून घेतल्या, म्हणून लोक त्यांना 'नीरसाब' म्हणत. कर्नाटकाने 1983 साली केलेला पंचायत कायदा आणि 1987 च्या निवडणुका यांमागेही तेच होते. पाणी आणि पंचायत या दोन गोष्टी एकाच माणसाने एकत्र पाहिल्या होत्या, हे आज वर्गात सांगितले जात नाही आणि सांगायला हवे.

निकाल आधीच सांगतो. कायदा समजून घेण्यासाठी सभागृहातला वर्ग चांगला आहे. काम कसे करायचे हे शिकण्यासाठी तो निम्माच उपयोगी आहे. आणि शिकून परत गेल्यावर जी साथ लागते ती जवळपास नाही. तरीही नव्या अध्यक्षांनी आणि सदस्यांनी तो चुकवू नये. फक्त तिथे रिकाम्या हाताने जाऊ नये.

वर्गाची सुरुवात साधारणपणे 73 व्या घटनादुरुस्तीपासून होते. 24 एप्रिल 1993 ला ती अमलात आली, त्याच वर्षी कर्नाटकाचा पंचायत राज कायदा झाला, मग ग्रामसभा, वॉर्डसभा, स्थायी समित्या, आरक्षण. हे सगळे बरोबर असते, पण पहिला पूर्ण दिवस त्यात जातो. सभासदाला त्या दिवशी हवे असते ते वेगळे: उद्या मासिक सभेत कोणी उठून 'हे बिल कशाचे?' विचारले तर उत्तर कोणत्या कागदावर मिळेल. चांगला प्रशिक्षक कलमांचा क्रम सोडतो आणि एक खरी फाइल हातात घेऊन तिच्या निमित्ताने कायदा सांगतो. असा प्रशिक्षक मिळाला तर त्या गटाचे नशीब. नाही मिळाला तर पहिल्या चहाच्या वेळीच त्याला नम्रपणे सांगावे, की आमच्या गावची एक फाइल आणली आहे, तिच्यावरून शिकवा. बहुतेक प्रशिक्षक आनंदाने तयार होतात, कारण त्यांनाही पडद्यावरच्या स्लाइड वाचण्याचा कंटाळा आलेला असतो.

आता भाषेचे. सीमाभागातल्या प्रशिक्षणाचे खरे मोजमाप इथेच होते. कामकाज कन्नडात, परिपत्रक कन्नडात, नडवळी कन्नडात. सदस्यांपैकी अनेकांचे बोलणे आणि विचार करणे मराठीत. ज्यांना कन्नड बोलता येते, त्यांनाही कार्यालयीन कन्नड वाचताना अडते. आणि जिथे शब्द अगदी ओळखीचा वाटतो तिथेच चूक होते, हे फार कमी वर्गांत शिकवले जाते.

'अनुमोदने' हा शब्द घ्या. आपल्याकडे सभेत एकाने ठराव मांडायचा आणि दुसऱ्याने अनुमोदन द्यायचे. कन्नड कागदात 'अनुमोदने' म्हणजे मंजुरी. 'क्रिया योजनेगे अनुमोदने' असे लिहिले असेल तर कोणी ठरावाला दुजोरा दिलेला नाही, वर्षाच्या कामांची योजना मंजूर झाली आहे. सही करणाऱ्याला हा फरक माहीत नसेल तर 'आम्ही फक्त अनुमोदन दिले होते, मंजुरी नव्हे' असे पुढे चौकशीत म्हणून काही उपयोग नाही. 'क्रम' हा दुसरा. आपल्याला क्रम म्हणजे एकामागून एक. कन्नडात 'सूक्त क्रम कैगोळ्ळी' म्हणजे योग्य ती कारवाई करा. वरून आलेल्या पत्राच्या शेवटी ही ओळ असली तर ते पत्र माहितीसाठी नाही, उत्तर मागणारे आहे, आणि त्यात बहुधा तारीखही असते. 'अवकाश' तर सर्वांत फसवा. 'नियमदल्ली अवकाश इरुवुदिल्ल' याचा अर्थ नियमात तशी मुभा नाही. मराठी डोळ्याला वाटते, वेळ उरलेला नाही, म्हणून लोक घाई करतात किंवा मुदतवाढ मागतात, जेव्हा मुळात नकार आलेला असतो. 'निर्वहणे' म्हणजे देखभाल आणि व्यवस्थापन, आपला निर्वाह नव्हे. 'प्रस्तावने' म्हणजे बहुतेक वेळा प्रस्ताव, पुस्तकाची प्रस्तावना नव्हे. 'सुत्तोले' म्हणजे परिपत्रक आणि 'बेडिके' म्हणजे मागणी, हे दोन तर आधी कानावरून गेलेले नसले तर अंदाजही बांधता येत नाही.

असे शंभर-सव्वाशे शब्द एका दुहेरी यादीत छापून पहिल्या दिवशी हातात दिले तर निम्मा वर्ग तिथेच जिंकला. जिथे अशी यादी दिली जाते तिथे सदस्य तिसऱ्या दिवशी स्वतः परिपत्रक वाचायला घेतात. जिथे नाही तिथे ते पीडीओकडे किंवा नवऱ्याकडे बघत बसतात. ज्या भागात भाषिक अल्पसंख्य 15 टक्के किंवा अधिक आहेत तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे देशपातळीवर फार पूर्वी मान्य झालेले आहे. मराठीतही कागद मिळावेत या मागणीला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. पण सहीची जबाबदारी आज आहे, आणि कन्नड कागद वाचता येणे ही अध्यक्षाची स्वतःची ढाल आहे. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात.

वर्गातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे सभेची तालीम, जर ती घेतली गेली तर. नुसते 'सभा कशी चालवावी' यावरचे व्याख्यान नको. बारा-पंधरा खुर्च्या गोलात मांडायच्या, एकीला अध्यक्षा करायचे, एकाला पीडीओ, दोघांना आधीच सांगून ठेवायचे की तुम्ही भांडायचे, एकीला सांगायचे की तुम्ही गप्प बसायचे. विषयपत्रिकेवर पाचच विषय. वेळ पन्नास मिनिटे. सभा संपली की ठराव तिथल्या तिथे लिहून मोठ्याने वाचायचा.

यात काय काय बिघडते ते पाहण्यासारखे असते. अध्यक्षा पहिल्या विषयावर वीस मिनिटे घालवते, कारण तो गटाराचा विषय असतो आणि गटाराबद्दल प्रत्येकाला बोलायचे असते. शेवटचे दोन विषय, ज्यांत पैसा असतो, ते 'सर्वानुमते' म्हणून तीस सेकंदांत उरकतात. शिकवण एवढीच, की पैशाचे विषय विषयपत्रिकेत वर घ्यावेत. गप्प बसलेल्या सदस्येला कोणी विचारत नाही. चांगला प्रशिक्षक इथे थांबवतो आणि अध्यक्षेला एक साधी सवय लावतो: मत घेताना नेहमीच्या बोलक्यांपासून सुरुवात न करता शेवटच्या खुर्चीपासून करायची. आणि ठराव लिहिताना जवळपास प्रत्येक गटाकडून तीच चूक होते: 'चर्चा करून काम करण्याचे ठरले.' कोणते काम, कुठे, किती रकमेचे, कोणत्या निधीतून, कोणी पाहायचे, कधीपर्यंत, यातले काहीच नाही. असा ठराव म्हणजे कोरा चेक. त्यात पुढे हवी ती रक्कम बसवता येते.

बरा ठराव कसा दिसतो? 'वॉर्ड 2, मारुती मंदिर ते शाळेच्या फाटकापर्यंत 60 मीटर गटार, अंदाजित खर्च अमुक, अमुक निधीच्या अमुक शीर्षाखाली, सूचक अमुक, अनुमोदक अमुक, विरोध दोन, त्यांची कारणे पुढीलप्रमाणे.' विरोधाची नोंद होणे फार महत्त्वाचे आहे. विरोध करणाऱ्याला वाटते आपण बोललो म्हणजे झाले. पुस्तकात नसेल तर तो बोललाच नाही असे धरले जाते. नडवळीच्या पुस्तकाबद्दल आणखी तीन सवयी वर्गात हाताने करवून घ्यायला हव्यात. पाने क्रमांकित असावीत. शेवटचा ठराव आणि सह्या यांच्यामध्ये जी कोरी जागा राहते तिच्यावर तिरकी रेघ मारावी. आणि सह्या त्याच दिवशी, ठराव वाचून झाल्यावर घ्याव्यात. आधी सह्या आणि मजकूर मागून, हा प्रकार जिथे चालतो तिथे कितीही चांगले प्रशिक्षण वाया जाते.

फाइलवाचन हा दुसरा भाग, जो बहुतेक वर्गांत तासाभरात गुंडाळला जातो आणि ज्याला खरे तर अख्खा दिवस हवा. एका कामाची फाइल साधारण या वाटेने जाते: क्रिया योजनेत कामाचे नाव, अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदा किंवा दरपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तक म्हणजे एम.बी., कामाआधीचे, कामादरम्यानचे आणि कामानंतरचे फोटो, बिल, वजावटी, देयक. अध्यक्षाला अभियंता व्हायचे नाही. त्याने फक्त तारखा क्रमाने लावून पाहायच्या. कार्यादेशाच्या आधीची तारीख मोजमापावर असेल तर काहीतरी गडबड आहे. फोटोत पाऊस आणि तारीख एप्रिलची असेल तर गडबड आहे. मग टेप घेऊन जाग्यावर जायचे. साठ मीटरचे गटार पायाने मोजले तरी ऐंशीच्या आसपास पावले भरायला हवीत. पंचावन्न भरली तर बिल थांबवून कनिष्ठ अभियंत्याला बोलवायचे. भांडायचे काही कारण नाही, 'दोघे मिळून परत मोजू' एवढे म्हटले तरी पुरते. वजावटीत बांधकाम कामगार कल्याण उपकराचा 1 टक्का आणि अडीच लाखांवरच्या कंत्राटांवर जीएसटीची 2 टक्के टीडीएस कपात दिसायला हवी. ती नसेल तर लेखापरीक्षणात हरकत येते आणि वसुली पंचायतीच्या गळ्यात पडते.

इथेच डिजिटल सहीचे, म्हणजे डीएससी टोकनचे. दिसायला पेनड्राइव्हसारखी वस्तू. ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या ऑनलाइन हिशोब-प्रणालीवरून पैसे द्यायचे तर दोन सह्या लागतात, एक अधिकाऱ्याची आणि एक अध्यक्षाची. दोन सह्या ठेवण्याचा हेतूच हा, की एकाने बनवावे आणि दुसऱ्याने तपासावे. अनेक ठिकाणी दोन्ही टोकन एकाच खणात असतात आणि अध्यक्षाचा पासवर्ड संगणकाच्या चौकटीला चिठ्ठीवर डकवलेला असतो. मग दुसरी सही उरतच नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 खाली डिजिटल सही हाताच्या सहीइतकीच बांधील, त्यामुळे 'मी दाबले नव्हते' हे ऐकून घेतले जात नाही. टोकन अध्यक्षाच्या घरी, पासवर्ड स्वतःच्या लक्षात, आणि देयक मंजूर करताना स्वतः समोर बसून, या तीन गोष्टी वर्गात प्रत्यक्ष संगणकावर करवून घेतल्या तरच पुढे टिकतात. पडद्यावर दाखवून टिकत नाहीत. अध्यक्ष बदलला की जुने टोकन बंद करून नवे नोंदवायला वेळ जातो आणि त्या काळात वॉटरमनचा पगारही अडतो. म्हणून निवड झाल्या दिवशीच नव्या टोकनचा अर्ज करावा, शिवाय प्रमाणपत्राची मुदत संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

वसुलीचा भाग शिकवला जातो, पण उलट बाजूने. कर किती महत्त्वाचा, लोकांनी भरला पाहिजे, असे. शिकवायला हवे ते मागणी-वसुली-बाकीचा तक्ता वाचणे, जो कार्यालयात डीसीबी म्हणून ओळखला जातो. समजा पंचायतीत पाण्याच्या 480 जोडण्या आहेत, महिना 100 रुपये. वर्षाची चालू मागणी 5,76,000. मागची बाकी 1,90,000. एकूण मागणी 7,66,000. वसूल झाले 3,10,000. आता कोणी म्हणेल वसुली 54 टक्के, कोणी म्हणेल 40 टक्के. दोन्ही खरे, कारण पहिल्याने चालू मागणीशी भाग घातला आणि दुसऱ्याने एकूण मागणीशी. अध्यक्षाने विचारायचे ते असे: या 3,10,000 पैकी जुनी बाकी किती आणि चालू किती? बाकीदारांच्या यादीत पहिली वीस नावे कोणाची? त्या वीस नावांत सदस्यांची आणि त्यांच्या भावकीची घरे असली, तर गावातल्या उरलेल्या साडेचारशे घरांकडे करवसुलीगार कोणत्या तोंडाने जाणार? नेतृत्व म्हणतात ते इथे लागते. स्वतःची पावती आधी फाडायची, मग सदस्यांची, मग मोठ्या घरांची, आणि शेवटी गरिबाच्या दारात. उलट क्रमाने गेलेली वसुली मोहीम गावाला एकदाच सहन होते. पुढच्या वर्षी कोणी दार उघडत नाही.

निधीबद्दल एक सावधगिरी. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात 2021-22 ते 2025-26 या काळात 60 टक्के रक्कम बांधील होती, त्यातली निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मी स्वच्छतेसाठी, आणि 40 टक्के मोकळी, तीही पगार-आस्थापनेवर खर्चायची नाही. दहा लाख आले तर तीन, तीन आणि चार. हा हिशोब जुन्या पुस्तिकांत छापलेला आहे. 1 एप्रिल 2026 पासून सोळाव्या आयोगाचा काळ सुरू होतो, त्यामुळे जुनी पुस्तिका वाचून क्रिया योजना करू नये. वर्गात पुस्तिका मिळाली की तिच्यावर छापल्याचे वर्ष पाहणे ही पहिली गोष्ट.

महिलांच्या निम्म्या जागा कर्नाटकात राखीव आहेत, आणि तरीही अनेक वर्गांत मागच्या रांगेत त्यांचे नवरे, दीर, मुलगे बसलेले असतात. त्यांना बाहेर काढणे एवढ्यानेच प्रश्न सुटत नाही. बाई दहा किलोमीटरवरून एसटीने एकटी परत जाणार, रात्रीचा स्वयंपाक बाकी, अशा वेळी दुपारी चारला सत्र संपवणे ही खरी सोय. केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाने मार्च 2025 मध्ये 'सशक्त पंचायत-नेत्री अभियान' सुरू केले, ते याच अदृश्य कारभाऱ्यांच्या प्रश्नावर. त्यातले प्रशिक्षण-साहित्य चांगले आहे, पण ते आपल्या पट्ट्यात कधी आणि कोणत्या वेळी दिले जाते यावर सगळे अवलंबून. निपाणी भागात विडी वळणाऱ्या सदस्येची मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने मिळते, म्हणजे तीन दिवस प्रशिक्षण म्हणजे तीन दिवसांची कमाई गेली. ऊसतोडीच्या दिवसांत अथणी-चिक्कोडीकडे वर्ग भरवणे तितकेच चुकीचे. जुलै-ऑगस्टमध्ये खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीकडे, पाऊस असा की बस वेळेवर येत नाही, आणि कृष्णा-दूधगंगेकाठच्या गावांत त्याच वेळी पुराची भीती. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती गावे पाण्याखाली होती. सीमाभागात वर्गाला बरे महिने दोनच वाटतात: पेरणी आवरून पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरचा शेवट, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी मार्च.

स्त्री अध्यक्षा आली की काय बदलते, याबद्दल वर्गात भावनिक भाषणे होतात. त्याऐवजी एक गोष्ट सांगावी. पश्चिम बंगालच्या बीरभूम आणि राजस्थानच्या उदयपूर जिल्ह्यांतल्या पंचायतींचा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. जिथे प्रधानपद महिलेसाठी राखीव होते तिथे पिण्याच्या पाण्याच्या कामांवर जास्त पैसा गेला, कारण गावातल्या बायकांची मागणी तीच होती. हे ऐकल्यावर मागच्या रांगेतली बाई आपल्या वॉर्डच्या नळाबद्दल बोलायला उभी राहते. भाषणाने नाही राहत.

सॅटकॉम सत्रांबद्दल थोडक्यात. चित्र एकीकडून, आवाज दोन्हीकडून, अशी ही रचना. एकाच वेळी सगळ्या तालुक्यांपर्यंत पोचते, तज्ज्ञ अधिकारी थेट ऐकायला मिळतात, नवा नियम आला की तो समजावून घ्यायला उत्तम. पण एवढ्या मोठ्या श्रोत्यांत प्रश्न विचारण्याची पाळी मोजक्यांनाच येते आणि भाषा अर्थातच कन्नड. समोर सहाय्यक प्रशिक्षक असेल आणि तो दर वीस मिनिटांनी आवाज बंद करून मराठीत दोन वाक्यांत सांगत असेल, तर सत्र कामाचे होते.

आयगॉट कर्मयोगी मुळात सरकारी कर्मचाऱ्यांसाठी. सप्टेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या मिशन कर्मयोगीतून ते आले, आणि पीडीओ, सचिव, तालुका पंचायतीतले कर्मचारी यांना त्याचा फायदा होतो. फुकट आहे, घरी बसून करता येते, फाइल-नोंदी, माहिती अधिकार, खरेदीचे नियम, सहकाऱ्यांशी वागणूक असे विषय लहान लहान तुकड्यांत आहेत. यातली अडचण अशी की प्रमाणपत्राची संख्या हीच प्रगती धरली जाते. मग व्हिडिओ एका बाजूला चालू आणि माणूस दुसऱ्या कामात. ज्या पीडीओला हे खरोखर वापरायचे आहे त्याने एका महिन्यात एकच अभ्यासक्रम घ्यावा, आणि त्यातली एकच गोष्ट पुढच्या मासिक सभेत करून पाहावी. चार प्रमाणपत्रांपेक्षा ते जास्त.

एक दोष तिन्ही वाटांत सारखा आहे, तो म्हणजे यश मोजण्याचा. शेवटच्या दिवशी साडेतीनला अभिप्रायाचा फॉर्म वाटतात, जेवण कसे होते, प्रशिक्षक कसा वाटला, आणि सगळे 'उत्तम'वर खूण करून बस पकडायला निघतात. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 पासून प्रशिक्षणाचे मोजमाप चार पायऱ्यांत मांडले: आवडले का, शिकले का, वागणे बदलले का, परिणाम झाला का. आपण पहिल्या पायरीवरच थांबतो. तिसरी मोजायला खर्च येत नाही. वर्ग संपून नव्वद दिवस झाले की तालुक्यातून एकाने जाऊन पंचायतीची मागच्या तीन सभांची नडवळी उघडायची. ठरावात रक्कम आणि जागा आहे का, विरोधाची नोंद दिसते का, कोऱ्या जागेवर रेघ आहे का, बोलणाऱ्यांत महिलांची नावे किती. पंधरा मिनिटांचे काम.

साथ देणे ही त्याचीच पुढची पायरी, आणि आज इथेच सर्वांत मोठी पोकळी आहे. शेजारच्या सहा-आठ पंचायतींच्या अध्यक्षांनी दोन महिन्यांतून एकदा एका गावात जमावे, प्रत्येकाने एक अडलेली फाइल आणावी, आणि अनुभवी निवृत्त पीडीओ किंवा माजी अध्यक्ष मध्ये बसवावा. यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहायची गरज नाही. मराठी आणि कन्नड दोन्ही गावे त्यात असावीत. कन्नड गावच्या अध्यक्षाला परिपत्रक वाचता येते, मराठी गावच्या अध्यक्षाला कदाचित वसुली चांगली जमते, देवाणघेवाण आपोआप होते. दुसरी गोष्ट, अध्यक्ष आणि पीडीओ यांना एकाच वर्गात, एकाच बाकावर बसवावे. दोघांना वेगवेगळे शिकवले की एकाला हक्क कळतात आणि दुसऱ्याला नियम, आणि गावात परतल्यावर ते एकमेकांवर फेकले जातात. तालुक्यात वर्ग ठरवणाऱ्यांनी एवढा एक बदल केला तरी फरक दिसेल.

पुढचा वर्ग तुमच्या तालुक्यात लागला तर सोबत न्यायच्या वस्तू: मागच्या तीन सभांच्या नडवळीच्या प्रती, चालू वर्षाचा डीसीबी तक्ता, एक अपुऱ्या कामाची फाइल, अलीकडे आलेले आणि न समजलेले एक सुत्तोले, आणि स्वतःचे टोकन. वर्गात पहिल्याच प्रश्नोत्तराच्या वेळी ते सुत्तोले पुढे करून विचारा, 'सायेब, ह्या शेवटच्या ओळीत काय लिवलासा?' तिथून पुढे वर्ग तुमच्या गावाबद्दल होतो.